खालून वर

कागद तपासायचा तो शेवटच्या ओळीपासून, ही तिची पंधरा वर्षांची रीत. वरून वाचलं की अर्थ हात धरून पुढे ओढत नेतो आणि चुका मागे निसटतात. खालून वाचलं की प्रत्येक ओळ एकटी सापडते.

भाषांतराच्या त्या कचेरीत फ्रेंच कागद इंग्रजीत आणायचं काम मास्तरांचं आणि तपासायचं तिचं. मास्तर पूर्वी शाळेत शिकवत. फ्रेंच त्यांच्या हातचा मळ, पण एकवचन-अनेकवचनाशी त्यांचं जन्माचं वैर. फ्रेंचमध्ये माहिती अनेक, इंग्रजीत एक. पँट फ्रेंचमध्ये आपल्यासारखीच एक, इंग्रजीत मात्र अनेक. मास्तर फ्रेंच वचन उचलून जसंच्या तसं इंग्रजीत ठेवत.

तिचा धाकटा भाऊ बंदरावर क्रेन चालवायचा. अकरा दिवस त्याचा पत्ता नव्हता. सकाळीच भावजयीचा फोन येऊन गेला होता. ताईंना काही कळलं का, एवढंच तिनं विचारलं; ताईंनाही काही कळलं नव्हतं. घर खायला उठतं म्हणून ताई कामावर आली होती.

समोर एका रुग्णालयाचा फॉर्म होता: ओळख न पटलेल्या माणसाचं वर्णन, पोलिसांसाठी इंग्रजीत हवं असलेलं. असे फॉर्म महिन्याला दोन-तीन येत. बेशुद्ध रुग्णाला आणि मेलेल्याला फॉर्म एकच, फरक फक्त पहिल्या ओळीत. रुग्णालय बंदरापासून फार लांबचं, त्यामुळे तिच्या मनाला काही शिवलं नाही. तिनं खालच्या ओळीवर पट्टी ठेवली.

"मास्तर, पुन्हा माहित्या आल्या."

"येऊ देत," मास्तर मान न उचलता म्हणाले. "पाहुण्या आहेत, जातील."

तिनं त्या खोडल्या. वरची ओळ, सामान: नाही. त्याच्या वर पँट, करडी. तिनं एकाची अनेक केली. करडी पँट काय, जगात कुणाकडेही असते. पट्टी आणखी एक ओळ वर सरकली. खुणा: डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही, जुनी जखम.

लोखंडी फाटक तिनंच ओढलं होतं. ती नऊ वर्षांची होती, भाऊ चार. त्यानं आईला सांगितलं होतं, वाऱ्यानं लागलं.

नजर वर उचलायची तर क्षणही लागला नसता. पहिली ओळ जेमतेम वीतभर वर होती. तिनं उचलली नाही. पट्टी घट्ट दाबून धरली आणि पुढची ओळ घेतली. बिननखाचे अंगठे काय थोडे असतात, असं तिनं स्वतःला बजावलं. केस: काळे, आखूड. फ्रेंचमध्ये केस अनेक, इंग्रजीत एक. मास्तरांनी अनेक ठेवले होते, तिनं एक केले. उंची जुळत होती. वय अंदाजे लिहिलं होतं, दोन वर्षांनी कमी. त्या दोन वर्षांना ती बुडत्यानं काडीला धरावं तशी चिकटली. बेशुद्ध असेल. बेशुद्ध माणूस आपलं नाव कसं सांगणार? ती प्रत्येक ओळ दोनदा वाचू लागली, मग तीनदा. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी पट्टी हलेना.

"बाहेर शिपाई थांबलाय," मास्तर म्हणाले. "झालं का?"

तिनं पट्टी वर सरकवली.

पार्थिव. फ्रेंचमध्ये ते एक, आपल्याकडेही एकच. इंग्रजीत 'रिमेन्स', अनेक. मास्तरांनी एक ठेवलं होतं. तिनं शेवटी एक अक्षर जोडलं आणि लाल पेनाला टोपण लावलं.

मास्तर हात पुढे करून उभे होते. सहीची जागा कोरी होती. ती त्यांनी बोटानं दाखवली.

"सही दुसऱ्या कुणाची घ्या, मास्तर," ती म्हणाली. "घरच्या माणसाच्या कागदावर मला करता येत नाही."

मास्तरांनी कागद घेतला. मग, वाचायच्या आधीच, ते तिच्या समोरच्या खुर्चीत बसले.