मंजुरी आली तेव्हा

डॉक्टरांनी आपली दोन बोटं शकुनबाईंपुढे धरली.

"दाबा. जोरात."

शकुनबाईंनी मूठ आवळली.

"दाबा ना, मावशी."

"दाबूनच तं राह्यली."

शेजारी बसलेल्या मंजुषाने खिडकीकडे पाहिलं. विम्याचं अपील मान्य झाल्याचा फोन कालच आला होता, आणि आज सकाळीच ती आईला तिवशाहून अमरावतीला घेऊन आली होती.

आईच्या मानेतली झिजलेली चकती काढून कृत्रिम चकती बसवावी, म्हणजे मान पूर्वीसारखी वळेल, असं याच डॉक्टरांनी उन्हाळ्यात सुचवलं होतं. मंजुषाच्या नोकरीमुळे आईचाही विमा होता. पण विमा कंपनीने चकती नाकारली. दोन मणके एकमेकांना जोडायचं ऑपरेशन करा, मान जरा आखडेल, त्याचा खर्च देऊ, म्हणाली.

"तेही चांगलंच आहे," डॉक्टर तेव्हा म्हणाले होते. "फक्त थांबू नका."

"मले का नाचा लागते?" शकुनबाईंचं म्हणणं. "जोडून टाका म्हणा."

मंजुषाने ऐकलं नाही. अकोल्याला बियाण्यांच्या कंपनीत ती दिवसभर फोन घ्यायची. बी उगवलं नाही म्हणून शेतकरी ओरडत, रडत. 'वर कळवते' एवढंच तिला म्हणता येई, आणि वर काही होत नाही हे ती जाणून होती. या वेळी तिला स्वतःलाच वर जायचं होतं. आधी कंपनीकडे अपील केलं, ते फेटाळलं गेल्यावर विमा लोकपालाकडे. सुनावणीत ती म्हणाली, "माझी आई जन्मभर वाकून फुलं तोडत आली, साहेब. तिची मान लाकडासारखी करायचं तुम्ही कोण ठरवणार?" समोरच्या अधिकाऱ्याने चष्मा काढला. घरी आल्यावर तिने वडिलांना, वामनरावांना, ते वाक्य दोनदा म्हणून दाखवलं.

दिवाळीच्या तोडणीत शकुनबाईंच्या हातून शेवंतीची भरली टोपली सुटली. "घामानं सरकली," त्या म्हणाल्या. मंजुषाने ते खरं मानलं. लोकपालाकडच्या त्या सुनावणीची तारीख तेव्हा जवळ आली होती.

नर्सने शकुनबाईंना बाहेर बाकावर नेऊन बसवलं. डॉक्टर मंजुषाकडे वळले.

"चकती आता बसणार नाही. मागचे सांधेही गेलेत. मणके जोडावेच लागतील."

"आणि हात?"

"मानेतली नस फार दिवस दबून राहिली. आणखी बिघडू नये, एवढं बघू."

"तेव्हाच जोडले असते तर?"

डॉक्टर मानेच्या एमआरआयची फिल्म पाकिटात घालू लागले. ती नीट जाईना.

बाहेर शकुनबाई शेजारच्या बाईला सांगत होत्या, "साऱ्यायनं म्हटलं सोड. पन माह्या पोरीनं कंपनीले नमवलंच." मंजुषाला पाहून त्या हसल्या. "हे पाय, आली. ही गजाला. बाळापूरची हाये."

गजाला उठून उभी राहिली.

"ताई, माझ्या सासूच्या गुडघ्याचं बी तसंच झालं. डॉक्टर एक भारीतला सांधा सांगते, कंपनी म्हणते साधा बसवा, तेवढंच देतो. आमी बी लढावं का?"

मंजुषा आईशेजारी बसली. आईचा उजवा हात तिने आपल्या हातात घेतला.

"साधा चालेल म्हणाले का डॉक्टर?"

"चालेल म्हणाले. पण दुसरा जास्त चांगला."

"मग साधाच बसवून घ्या," मंजुषा म्हणाली. "याच आठवड्यात."

गजालाला काही कळेना. तिने शकुनबाईंकडे पाहिलं. शकुनबाईंचं हसू तसंच राहिलं होतं. मान वळत नव्हती. त्या बाकावर सावकाश सगळ्या अंगानिशी वळल्या आणि लेकीकडे बघत राहिल्या.