राव बिकानं घर का सोडलं

२००५ साली, नववीत, मला इतिहासात पाच मिळणार होते. जर्मनीत पाच म्हणजे नापास. गणितात आधीच पाच होते, आणि दोन विषयांत नापास म्हणजे वर्ष वायाच. आमच्या लुडविग्सहाफेनच्या शाळेत वर्गात बोलण्यालाही मार्क असतात, आणि मी वर्षभर गप्प होते. इतिहासाच्या बाई, फ्राऊ लेंत्झ, यांनी शेवटची संधी दिली: मध्ययुगात शहर वसवणाऱ्या कोणावर तरी रेफेराट, म्हणजे वर्गासमोर बोलायचं. जर्मन राजे सगळे वाटून झाले होते. मी बिकानेर वसवणारा राव बिका घेतला.

बाबा जाम खूश. पुण्यात त्यांनी वक्तृत्वाच्या ढाली मिळवल्यात. जर्मनमध्ये भाषण लिहून दिलं, पाठ करून घेतलं, किल्ला आला की हात वर आणि वाळवंट आलं की दोन्ही बाजूंना, हेही शिकवलं. आई म्हणाली, हा राजा आहे की ट्रॅफिक पोलीस?

वर्गात मी सुरू केलं, "सन्माननीय फ्राऊ लेंत्झ आणि प्रिय श्रोतेहो..." वाळवंटापाशी हात पसरले आणि पुढचं वाक्य गायब. पाठांतराचं असंच असतं, मधून सुरू करता येत नाही. मी परत सन्माननीयपासून सुरू केलं. वर्गात हशा पिकला.

"उर्जा, ते पाठ केलेलं राहू दे," फ्राऊ लेंत्झ म्हणाल्या. "त्यानं घर का सोडलं, तेवढंच सांग."

आता गमावण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी टेबलावर बसले आणि सांगितलं. बिका दरबारात काकाशी कुजबुजत होता, तेव्हा त्याचे वडील, जोधपूर वसवणारे राव जोधा, सगळ्यांसमोर चेष्टेत म्हणाले, नवं राज्य जिंकायचा बेत शिजतोय वाटतं? काका म्हणाला, हो, तसंच समजा. आणि दोघं खरंच निघाले, अशी गोष्ट सांगतात.

मागच्या बाकावरचा एमरे म्हणाला, "एवढ्याशा टोमण्यावरून?"

"तुझे बाबा चारचौघांत असं बोलले तर काय करशील?"

"दार आपटून खोलीत जाईन."

"त्याला खोली पुरली नाही."

वर्ग हसला, पण या वेळी माझ्या बाजूनं. मग प्रश्नच प्रश्न. वाळवंटात पाणी कुठलं? शहर वसायला वीसहून जास्त वर्षं का लागली? माहीत होतं ते सांगितलं, नव्हतं तिथे जर्मन लोकांसारखं "आल्झो", म्हणजे "तर", म्हणून सुरुवात केली आणि माहीत नाही म्हणाले.

रेफेराटला दोन मिळाले, म्हणजे चांगले; इथे आकडा जितका लहान तितकं बरं. वर्षभराच्या गप्पपणासकट एकूण चार. चार म्हणजे पास.

बाबांनी विचारलं, कुठला भाग आवडला त्यांना?

"तुम्ही लिहिला नव्हता तो."

ते खुर्ची ओढून बसले. "बरं, सांग."