पानबाबांचा दिवा आणि बॅटरीचं पाणी

उमापूरजवळच्या आमच्या वस्तीवर माणसं हातात डाळिंबाचं एकेक पान घेऊन रांगेत उभी होती. एवढी शिस्त रेशनच्या दुकानातही दिसत नाही. पानबाबा पानावरून बागेवरची करणी ओळखत.

रीत साधी होती. काचेच्या वाटीत पाणी, पाण्यात दोन तारा, तारांना बॅटरी आणि लाल दिवा. चांगलं पान टाकलं तर दिवा गप्प. तेल्या रोगाचे डाग पडलेलं पान टाकलं, की थोड्या वेळानं दिवा लागे. तोवर बाबा मंत्र म्हणत. दिव्याला उशीर झाला तर मंत्रही लांबे.

डाळिंबाची बाग असलेल्या बजरंगच्या पानानं दिवा लखलखीत लागला. बाबांनी डोळे मिटले.

"शेळ्या दिसत्यात. एकटी बाई. बांधावरून रोज जाते."

वस्तीवर शेळ्या वळणारी एकटी बाई एकच, साखराबाई. बाबांना हे कसं कळलं, असं कोणी विचारलं नाही. सकाळचा चहा ते बजरंगच्याच घरी प्यायले होते.

"मला लई दिसापासून संशय व्हताच," बजरंग म्हणाला. "शनिवारी वस्ती सोडायची तिनं. न्हाई तर शेळ्या राहणार न्हाईत."

साखराबाई कडेलाच उभी होती. "आरं बजरंगा, तुझी पोर माझ्याच शेळीच्या दुधावर वाढली की."

बजरंगनं मान खाली घातली. पण दिवा लागलेला होता.

मग बाबांनी वाटीतलं पाणी बादलीत ओतलं; प्रत्येक पानानंतर ते असंच ओतत. बादलीत दिवसभरातल्या सगळ्या डागाळलेल्या पानांचं पाणी साठलं होतं. "हे तीर्थ. बागेत शिंपडा." लोकांनी बाटल्या भरून नेल्या. ज्यांच्या बागा निरोगी होत्या, त्यांनी आधी नेल्या.

शनिवारी गॅरेजवाला नबी आला, सोबत त्याची मुलगी आफ्रीन. ती गेवराईला वनस्पतिशास्त्र शिकते. नबीनं बाबांमागचा कॅन ओळखला.

"हे तर माझ्या दुकानातलं बॅटरीचं पाणी. महिन्यात सहा कॅन नेले तुमच्या माणसानं. मला वाटलं, बाबांची जीप लई जुनी हाय."

आफ्रीननं पिशवीतून डागाळलेलं पान काढून वाटीत सोडलं. दिवा लागला.

"हे केजचं पान. साखरामावशी केजला कधी गेलत्या?"

"करणीला अंतर नसतं, पोरी," बाबा म्हणाले.

आफ्रीननं वाटी धुऊन कॅनमधलं ताजं पाणी ओतलं. साखराबाईनं शेळ्यांसाठी कमरेला बांधलेलं चिमूटभर मीठ तिच्या हातावर ठेवलं. मीठ पडताच दिवा भडकला.

"बघा! तिच्या हातचं मीठ!" बाबा ओरडले.

"बरं," म्हणत आफ्रीननं वाटी धुतली, पुन्हा कॅनमधलं पाणी घेतलं आणि बाबांच्याच भंडाऱ्याच्या स्वयंपाकातलं मीठ टाकलं. दिवा तसाच भडकला. मंत्र मात्र मध्येच संपला.

"मग पानात मीठ कुठून आलं?" बजरंगनं विचारलं.

"पानाच्या पेशीत क्षार असतातच, काका. जिवाणू शिरला की पेशीला धोका कळतो. मग आतलं पोटॅशियम आयनांच्या रूपात बाहेर पळतं, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं. कधी पेशी स्वतः मरते आणि जिवाणूला तिथंच अडकवते. हा सांडलेला क्षार पाण्यात उतरतो, पाण्यातून वीज जाते, दिवा लागतो. बॅटरीच्या पाण्यात आधी क्षार नसतो, म्हणून दिवा गप्प असतो. पान आजारी आहे, हे दिवा खरंच सांगतो. बाईचं नाव तो सांगत नाही."

आफ्रीनची नजर बादलीकडे गेली.

"ह्या पाण्याचं काय केलं?"

"तीर्थ म्हणून शिंपडलं," बजरंग म्हणाला. "सगळ्या बागेत."

तिनं बादली बाजूला सरकवली. "काका, पानांतले जिवाणू ह्या पाण्यात होते."

नबीनं बोलावलेले पोलीस येईपर्यंत बाबांची जीप निघून गेली होती. नबीचं पाणी चांगलंच असणार, जिवाणू त्यात मजेत जगले. तीन आठवड्यांत अकरा निरोगी बागांत डाग दिसले. दोघा-तिघांनी पुन्हा साखराबाईकडे पाहिलं, ह्याची मला जास्त धास्ती वाटते.

तिला वस्ती सोडावी लागली नाही. पण शेळ्या ती आता दूरच्या ओढ्याकडून नेते. बजरंग रोज हाक मारतो, "आत्या, बांधावरून जा की." ती ऐकू न आल्यासारखं करते.

पुढच्या वेळी कुठं दिवा लागला, तर पाण्यात काय आहे ते आधी विचारा. बाईचं नाव घ्यायची घाई करू नका. डागाळलेली पानं तोडून जाळता येतात, पण तिच्या नावावरचा डाग तुम्ही कशानं काढणार?