घरचं पिकेपर्यंत

आमच्या सांडोरच्या वाडीत एक हट्ट होता. घरची केळीची वाडी असताना बाजारचं केळं आणायचं नाही. एकदा केळ्यांचा लोंगर हिरवाच राहिला म्हणून बाबांनी सत्यनारायण पुढे ढकलला. भटजी म्हणाले, "देव थांबेल हो गंगारामभाऊ, माझे बाकीचे यजमान नाही थांबायचे!" तेव्हा आम्ही पोट धरून हसलो होतो.

२००६ साली बाबांच्या छातीत दुखू लागलं. हृदयाच्या धमन्या अरुंद झाल्या होत्या. डॉक्टरांनी लगेच बायपास करायला सांगितलं. माझी बहीण हेमाली मुंबईच्या एका प्रयोगशाळेत नेमकी याच रोगावर काम करत होती. बाबांनी खोदून खोदून विचारलं, तेव्हा तिने समजावलं. धमनीच्या भिंतीला आतून सूज येते. ती उतरवणारं औषध केसाहून हजारो पटींनी बारीक नॅनोकणांत भरायचं, म्हणजे ते सुजेपाशीच जाऊन काम करतं.

"सगळ्या वाडीत न टाकता रोगट केळीच्याच आळ्यात औषध घालावं, तसं," ती म्हणाली.

बाबा खुलले. "मग बाहेरचं कशाला? घरचंच पिकतंय की!"

"बाबा, अजून सशांवरच चाललंय. माणसांपर्यंत यायला वर्षं जातील. तुम्ही ऑपरेशन करून घ्या."

"मी थांबतो. मला काय घाई?"

हेमाली रडली, आईने शपथा घातल्या, मी ओरडलो. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. सशांची सूज उतरल्याचं कळलं, त्या दिवशी तर बाबांनी आळीभर केळी वाटली. मला अजून त्यांचा राग येतो. लेकीवर इतका विश्वास ठेवावा का माणसाने? आणि तो मोडायचा तरी कसा, हेही आम्हाला कळलं नाही.

पौषात केळीची आळी करता करता बाबा बांधावर टेकले, ते उठलेच नाहीत.

तेराव्याच्या नैवेद्याला केळी हवी होती. वाडीतले लोंगर हिरवेगार. या वेळी काही पुढे ढकलता येणार नव्हतं. हेमाली पापडीच्या बाजारात गेली आणि पिवळीधमक फणी घेऊन आली.

आईने फणीकडे पाहिलं. "ह्यांनी हात लावला नसता," ती म्हणाली.

हेमालीने फणी बाबांच्या फोटोपुढे ठेवली आणि हात जोडले.

"आपलं अजून पिकलं नाही हो, बाबा," ती म्हणाली.