पाहुण्याची ‘न्हाई’

कासारवाडीचा ज्योतीराम जर्मनीत जाऊन उपाशी राहू लागला, आणि त्या उपासाचं खापर त्यानं घरमालकिणीच्या कंजूषपणावर फोडलं.

बाई तशी सालस. उकडलेल्या बटाट्यांचं भलंमोठं भांडं घेऊन ती जेवताना त्याच्यापाशी येई आणि आणखी वाढू का म्हणून विचारी. ज्योतीरामच्या पोटात कावळे कोकलत असत, तरी तो हसून नको म्हणे आणि वाट बघे. बाई भांडं उचलून आत नेई. काय तरी ही माणसं, तो मनाशी म्हणे, पाहुण्याला एकदाच विचारतात.

त्याच्या घरी असं नव्हतं. तिकडं पवनेकाठी पहाटेच्या जात्यावर त्याची बायको रंभा गायची:

पाहुण्याची ‘न्हाई’ बाई, मनावर घेऊ नये
पहिल्या नकारानं, हात मागं नेऊ नये

अशा घरात वाढलेला गडी. पहिला नकार म्हणजे उंबऱ्यापाशी पाय पुसणं. आत यायचं नाही असा त्याचा अर्थच नव्हे.

त्या काळी पिंपरी-चिंचवडच्या ज्वारीच्या रानांतून कारखान्यांची धुराडी नुकती डोकं वर काढत होती. चिंचवडला अर्जुनरावांनी विहिरीवरच्या इंजिनांचे सुटे भाग करायचा कारखाना काढला होता आणि दातेरी चाकं कापायचं यंत्र जर्मनीहून आणायचं मनावर घेतलं होतं. ज्योतीराम त्यांचा मुख्य फिटर. खडकीला गोऱ्या साहेबांच्या हाताखाली राबलेला, मोडकंतोडकं इंग्रजी बोलणारा. यंत्र पारखून व्यवहार ठरवायला त्यालाच धाडलं. स्टेशनावर निरोप देताना अर्जुनराव म्हणाले होते, “यंत्रासंगं ते बसवणारा माणूस आण बाबा. न्हाईतर शेंदूर फासून म्हसोबासारखं पुजावं लागंल आपल्याला.”

आणि नेमकी तिथंच माती खाल्ली त्यानं.

त्या जर्मन कंपनीतले विक्रीचा व्यवहार बघणारे होल्त्समान साहेब उंच, कोरडे, मोजकं बोलणारे. समोर कागद ठेवून एकेक बाब विचारत होते. विचारता विचारता म्हणाले, यंत्र बसवायला आमचा माणूस पाठवू का? ज्योतीरामच्या काळजात ढोल वाजला. पण ढोल वाजला म्हणून लगेच हो म्हणायला तो काय हावरट होता? खाली बघून, हसून तो म्हणाला, नको नको, एवढ्या लांब तुमच्या माणसाला कशाला त्रास. आता साहेब म्हणतील, अहो त्रास कसला. साहेबांनी मान डोलावली, कागदावरची ओळ खोडली आणि पुढची बाब विचारली.

दुपारी विचारतील, असं ज्योतीरामला वाटलं. मग वाटलं, निघताना विचारतील. निघताना साहेबांनी हात हातात घेतला आणि उद्या सकाळी सह्या करू एवढंच सांगितलं.

संध्याकाळी मालकिणीकडे तिचा शेतकरी भाऊ जेवायला आला होता. बाईनं त्याला बटाट्यांचं विचारलं. त्यानं हो म्हटलं. पुन्हा विचारलं, पुन्हा हो. पुढच्या खेपेला तो नको म्हणाला, तशी तिनं भांडं खाली ठेवलं आणि दोघं गप्पा मारू लागली. ना कुणी रुसलं, ना कुणी कुणाला हावरट म्हटलं. ज्योतीराम बघतच राहिला. बाईच्या चेहऱ्यावर कंजूषपणाची रेघसुद्धा नव्हती. ती समोरच्याचा शब्द खरा मानत होती, बस. आपलाही तिनं खराच मानला.

त्यानं ताटली पुढं सरकवली आणि मला आणखी हवेत म्हणून सांगितलं. बाईचा चेहरा दिवा लावावा तसा उजळला. आपल्या हातचं या परदेशी माणसाला गोड लागत नाही, या काळजीनं ती बिचारी इतके दिवस झुरत होती. तिनं ताटलीचा डोंगर केला. ज्योतीरामनं दोन घास खाल्ले आणि तिसरा तसाच ताटलीत ठेवला. होल्त्समान साहेबांनीही शब्द खराच मानला होता.

सकाळी सह्यांच्या आधी तो त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिला. दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण चिंचवडला यंत्रासाठी बांधलेली रिकामी शेड डोळ्यांपुढं होती.

“काल मी नको म्हणालो, ते खरं नव्हतं,” तो म्हणाला. “मला तुमचा माणूस हवा आहे. त्याच्यावाचून यंत्र चालणार नाही.”

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग नको का म्हणालात, त्यांनी विचारलं. ज्योतीरामनं कानाची पाळी लाल होईस्तोवर सगळं सांगितलं: आग्रह, पाहुणा, आणि पाहुण्याची न्हाई.

साहेब हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “तुमच्याकडे कितवा नकार खरा असतो?”

“तिसरा,” ज्योतीराम म्हणाला.

साहेबांनी कोरा कागद घेतला आणि पहिल्या बाबीपासून पुन्हा सुरुवात केली, प्रत्येक बाब तीनतीनदा विचारायच्या तयारीनं. काल लाजेकाजेपायी ज्योतीरामनं कापायची जादा हत्यारं नाकारली होती, तेल-पाण्याची माहिती नाकारली होती, यंत्र चालवायचा धडासुद्धा नाकारला होता. आता दुसऱ्यांदा विचारायची पाळीच येईना. साहेबांचं वाक्य पुरं व्हायच्या आत ज्योतीरामचं हो तयार. शेवटी साहेबच मोठ्यानं हसले.

पुढं यंत्र आलं, बसवणारा माणूस आला, आणि दिवाळीच्या सुमाराला चिंचवडच्या शेडमध्ये पहिलं दातेरी चाक कापून निघालं. तेलानं चमचमणारं, कोमट, दात न् दात रेखीव. अर्जुनरावांनी ते तान्ह्या पोरासारखं दोन्ही हातांत धरलं. मग सगळ्यांदेखत त्यांनी ज्योतीरामला विचारलं, या नव्या खात्याचा फोरमन होशील का?

सगळ्यांना ठाऊक होतं आता काय व्हायचं. ज्योतीराम मान खाजवणार, माझ्याहून जाणते आहेत म्हणणार, आणि अर्जुनराव अर्धा तास मनधरणी करणार.

“होतो की,” ज्योतीराम म्हणाला. “मला हवंच होतं ते.”

अर्जुनरावांच्या तोंडात जमवून ठेवलेली मनधरणी तशीच राहिली. म्हाताऱ्या आबाजी टर्नरनं डोक्यावरची टोपी मागं सारली. “आरं, जरा लाजायचं तरी, भावा.”

“लाजण्यापायी लई उपास घडले, आबाजी,” ज्योतीराम म्हणाला, आणि बाह्या सारून त्यानं दुसरं चाक यंत्रावर चढवलं.