धाकटीचा कंद

माझी धाकटी जाऊ बाजारातून कसलासा कंद घेऊन आली. खडबडीत, केसाळ, मातीने माखलेला. "ताई, आज मी करते," म्हणाली. लग्नाला महिना नाही झाला आणि चालली मोठी स्वयंपाक करायला! मी म्हटलं, "कर बाई. पण बाबा खाणार नाहीत."

बाबा म्हणजे आमचे सासरे. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, त्यामुळे ताटातली भाजीही डोळ्याला भिंग लावून तपासतात. खरंच लावतात! मग पहिला घास, मग एक खुसपट. मीठ कमी, फोडी जाड, काहीतरी. ते मी तिथल्या तिथे दुरुस्त करायचं, मगच जेवण पुढे सरकायचं. दुसऱ्या कुणाच्या हातचं त्यांना चालत नसे. या घरात माझं म्हणून तेवढंच होतं.

धाकटीने कंद सोलला, उकडला, लोण्यात लसूण-मिरी घालून परतला. वास मेला चांगला सुटला. माझा नुसता जळफळाट. फसू दे, फसू दे, असं मनात म्हणतच मी ताटं वाढली.

बाबांनी भिंग लावलं. "हे काय, झाडाचं मूळ?"

"कंद आहे, बाबा. खाऊन तर बघा." धाकटीचा आवाज कापत होता.

त्यांनी घास घेतला. मी मिठाची बरणी हाताशी ओढून तयार. खुसपट आलंच नाही. "छान झालंय," म्हणाले आणि वर आणखी मागून घेतलं! मला इतक्या वर्षांत एकदाही छान म्हटलेलं नाही. मी मिठाची बरणी परत मागे सरकवली.

जेवण झाल्यावर ते हात धुवायला आत आले, तेव्हा मी विचारलंच, "एवढं आवडलं?"

"आवडतंय कसलं! माती खाल्ल्यासारखं लागत होतं," ते हळूच म्हणाले. "पण नवी पोर आहे. तोंडावर सांगितलं तर रडेल."

"मीही नवी होतेच की. मला पहिल्याच दिवशी मीठ कमी म्हणालात."

"तुझं वेगळं. तू खमकी."

खमकी! त्या दिवशी मोरीचं दार लावून किती रडले, ते मलाच ठाऊक. तिच्या त्या कंदाचं मला आता काही वाटत नव्हतं. पण तिला मिळालेल्या त्या खोट्या 'छान'चा असा हेवा वाटला की डोळे भरूनच आले.

तेवढ्यात धाकटी हसत आत आली. "ताई, बाबांना आवडलं! उद्या परत करू?"

तिच्या पाठीमागून बाबा मला मान हलवून नको, नको म्हणत होते.

"कर की," मी म्हटलं. "आणि चांगला मोठा बघून आण. बाबांचं पोट भरलं नाही आज."