दिव्याच्या खोलीतला श्वास

खडूसने दहापैकी नऊ गुण दिले होते.

"नीट बघ. उलटा धरलेला सहा असेल," ताई म्हणाली. पण म्हणता म्हणता खुर्ची ओढून आली आणि धाकटीच्या खांद्यावरून संगणकाच्या पडद्याकडे डोळे फाडून बघू लागली.

खडूस हे काही त्या समीक्षकाचं खरं नाव नव्हे, दोघी बहिणींनी ठेवलेलं. भीतीच्या व्हिडिओ खेळांवर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण हा माणूस सहाच्या वर कुणाला चढू देत नसे. आणि दोघींचा 'शेवटचा दिवा' आज सकाळीच लोकांच्या हाती पडला होता. पाठीशी कंपनी नाही, हाताखाली माणसं नाहीत. घराच्या मागच्या खोलीत दोन टेबलं, दोन खुर्च्या आणि दोघी. चित्रं आणि खेळाची सगळी यंत्रणा ताईची, आवाज धाकटीचे. ओल्या फडक्यावर पाय आपटून तिने चिखल केला होता, कोबीचा गड्डा पिळून हाडं मोडली होती आणि गंजलेल्या बिजागऱ्यांसाठी गल्लीतल्या प्रत्येक फाटकाला झोके दिले होते.

खेळ जुन्या पद्धतीचा. लहानपणी ज्या खेळांनी घाबरून दोघी उशीत तोंड खुपसत, अगदी तसा. कॅमेरा कोपऱ्यात खिळलेला, त्यामुळे वळणापलीकडे काय उभं आहे ते दिसायचं नाही. गोळ्या मोजक्याच. दार उघडायला जीव जाईल इतका वेळ. आणि अख्ख्या इमारतीत एकच खोली अशी, जिथे दिवा जळतो, खेळ जतन करता येतो आणि वाईट काही आत येऊ शकत नाही. दिव्याची खोली. लहानपणी अंधारी वाट आली की वडील, म्हणजे अप्पा, पोरींच्या हातातून कंट्रोलर काढून घ्यायचे. "तुम्ही डोळे मिटा. पुढे मी बघतो." दिव्यापाशी पोचले की दोघींच्या पाठीवर एकेक थाप. उघडा आता डोळे. ती थाप खेळात आणायची, एवढ्यासाठी तर सगळा खटाटोप होता.

सकाळपासून आलेले अभिप्राय बरे-वाईट मिसळून होते. एकाला कॅमेऱ्याने चक्कर आली. एकीने लिहिलं, हा खेळ माळ्यावरच्या पेटीतून काढल्यासारखा आहे; आणि हे कौतुक की टोमणा, ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

"वाच ना मोठ्याने," ताई म्हणाली.

धाकटी वाचू लागली. 'जुन्या खेळांची नक्कल करणारे पायलीला पन्नास. या दोघींनी नक्कल केलेली नाही. ती भीती यांच्या ओळखीची आहे.' ताईने तिचा खांदा इतका दाबला की धाकटी कळवळली. 'पण यातली सर्वांत भयंकर जागा कोणती म्हणाल, तर दिव्याची खोली. आपण सवयीने तिथे निवांत होतो. आणि मग भिंतीपलीकडे कुणीतरी श्वास घेतं. जड, खोल. घेतं, सोडतं, घेतं. आणि श्वास थांबतो. मी कंट्रोलर खाली ठेवून बसून राहिलो. तो परत सुरू होईपर्यंत माझाही थांबला होता. इतकी निर्दय कल्पना जिला सुचली, तिला माझा दंडवत.'

वाचणं थांबलं.

"भारी आहे," ताई म्हणाली. "मला का नाही सांगितलंस?"

"काय?"

"श्वास घातलास ते."

"मी नाही घातला."

"आवाज तुझे. मग काय शेजाऱ्यांनी घातला?"

"ताई, देवाशपथ. त्या खोलीत मी काहीच घातलेलं नाही. तिथे नुसती शांतता आहे."

भर दुपारची वेळ. खिडकीतून ऊन टेबलावर सांडलेलं, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं. तरी दोघींनी एकमेकींकडे बघितलं ते लहानपणी बघत तसंच. तू आधी जा, नाही तू.

धाकटीचे रोजचे हेडफोन जुने होते. खालचे, जमिनीतून येतात तसे आवाज त्यांना झेपत नसत. खेळ पुरा झाल्याच्या आनंदात घेतलेले नवे हेडफोन अजून खोक्यातच पडून होते. तिने ते काढले, कानावर चढवले आणि खेळातल्या आपल्या माणसाला दिव्याच्या खोलीत नेऊन उभं केलं.

आधी दिव्याची बारीक गुणगुण. ती तिचीच. त्याखाली भरल्यासारखी शांतता. तीही तिचीच. आणि त्या शांततेच्याही खाली कुणीतरी होतं. श्वास आत गेला. बाहेर आला. आत गेला. मग काहीच नाही. धाकटी वाट बघत राहिली. मग कुणी पाण्याखालून वर यावं तसा एक मोठा, फाटका हुंदका आला आणि श्वास परत चालू झाला.

तिने हेडफोन ओढून टेबलावर टाकले.

श्वास चालूच राहिला.

ताईनेही ऐकला. ती हळूच उठून उभी राहिली. आवाज पडद्यातून नव्हता, हेडफोनमधून नव्हता. भिंतीतून होता. आत, बाहेर, आत. मग थांबला. ताईने धाकटीचं मनगट धरलं. धाकटीला वाटलं, आता जर हा सुरू झाला नाही तर आपण दोघी अशाच उभ्या राहू, खेळातल्या त्या माणसासारख्या. तेवढ्यात भिंतीपलीकडे कुणीतरी घुसमटून हवा ओढली, पलंग करकरला, आणि झोपेतच खाकरण्याचा अगदी ओळखीचा आवाज आला.

"अप्पा!" ताई किंचाळली आणि मटकन खाली बसून हसत सुटली.

मग सगळा उलगडा झाला. आवाज करणाऱ्यांची एक रीत असते. रिकाम्या खोलीतही रिकामपणाचा म्हणून एक आवाज असतो, तो ध्वनिमुद्रित करून खाली अंथरावा लागतो, नाहीतर खेळातली शांतता मेल्यासारखी वाटते. धाकटीने ती शांतता याच खोलीत दुपारी मुद्रित केली होती, दाट व्हावी म्हणून भरपूर मोठी केली होती. पलीकडे अप्पा झोपलेले. तिच्या जुन्या हेडफोनना ते कधी ऐकूच आले नाहीत.

अप्पा डोळे चोळत दारात आले. "काय कोसळलं?"

"अप्पा, तुम्ही भूत झालात!" धाकटी म्हणाली. "त्या खडूसची दातखीळ बसवलीत."

"मी तर झोपलो होतो."

"झोपूनच केलंत. आम्ही इतकी वर्षं जागून केलं त्याचं कुणाला काही नाही."

"मग शेवटी नाव टाका माझं. मोठ्या अक्षरात." अप्पा जांभई देत हसले. कपाळ दाबलं, उभ्या उभ्या चहा घेतला आणि खुंटीवरची बसची चावी काढली.

अप्पा शाळेची बस चालवत. सकाळी मुलं पोचवायची, दुपारी आडवं व्हायचं, मग मुलं परत आणायची. गाणारी गाडी म्हणून त्यांची बस अख्ख्या वस्तीला ठाऊक होती. बस दिसायच्या आधी मुलांचं गाणं ऐकू यायचं. आयांनी दारात यायचं ते त्या गाण्यावर. अप्पांना त्याचा कोण अभिमान!

ते गेले, आणि दोघी परत पडद्याशी बसल्या. खडूसच्या लेखाखाली वाचकांची गर्दी झाली होती. श्वास, श्वास, जो तो श्वासाबद्दलच बोलत होता. धाकटी हसत हसत खाली जात राहिली आणि एका जागी अडकली.

'मी झोपेच्या आजारांच्या विभागात परिचारिका आहे. हा अभिनय असेल तर त्या नटाला नमस्कार. पण नसेल, तर ज्यांचा हा श्वास आहे त्यांना लगेच डॉक्टरांकडे न्या. झोपेत ज्यांचा श्वास असा अडकतो, त्यांचा दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो आणि त्यांना ते कळतही नाही. माझ्या भावाचं असंच होतं. कृपा करून त्यांना गाडी चालवू देऊ नका.'

धाकटीने ते ताईला वाचून दाखवलं नाही. नुसतं बोट ठेवलं.

"तू ताणला असशील तो आवाज," ताई घाईघाईने म्हणाली. "भीती वाटावी म्हणून तू प्रत्येक गोष्ट ताणतेस. मध्ये जागा सोडतेस. बघ ना उघडून."

"हो. ताणलाच असेन." धाकटीने मूळ फाईल उघडली. आवाज मोठा केलेला होता. बाकी काही नाही. ताणलेला नव्हता, कापलेला नव्हता. जसा होता तसा.

आणि मग, जणू इतके दिवस कोपऱ्यात खिळलेला कॅमेरा कुणीतरी फिरवावा तसं, सगळं दिसू लागलं. बोलता बोलता हातातला कप कलंडला होता ते. सकाळी उठल्यापासून डोकं धरून बसणं. जेवताना हनुवटी छातीला टेकायची, आणि दोघी हसायच्या. अप्पाही म्हणायचे, वय झालं गं.

"फोन लाव," ताई म्हणाली.

"ते बसमध्ये फोन पेटीत ठेवतात. बंद करून."

"मावशींना लाव मग."

मावशी म्हणजे बसमध्ये मुलांना सांभाळायला असत त्या. फोन लगेच उचलला. आवाज बसलेला. "अगं, मी आज गेलेच नाही. अंगात ताप आहे. अप्पा म्हणाले, एक दिवस निभावून नेतो." मग एकदम त्यांच्या ध्यानात आलं. "म्हणजे आज गाणं कोण म्हणवून घेतंय पोरांकडून?"

"गाण्याचं काय, मावशी?"

"मी सांगितलं म्हणू नकोस हं. गाणं चालू असलं ना, की त्यांचा डोळा लागत नाही. पोरांना वाटतं मजा चाललीय. मी पण म्हटलं, दमत असतील…"

पुढचं ऐकायला दोघी घरात नव्हत्या.

ताई स्कूटर चालवत होती, धाकटी मागे. रस्ता रोजचाच: दवाखाना, गिरणी, लाकडाची वखार. त्यापुढे कालव्याचं वळण, आणि वळणाला कठडा म्हणून नुसते चुना लावलेले दगड. धाकटी देवाचं नाव घेत होती. जीव असा टांगलेला असला की माणसाला लांबलचक मागणं सुचत नाही. तो नाव घेतो आणि त्या एवढ्याशा नावात आपलं सगळं घर बसवतो. तिने त्यात अप्पांना बसवलं, बसमधली सगळी मुलं बसवली, दारात उभ्या असतील त्या आया बसवल्या.

वळण ओलांडून, शाळेच्या बाजूला थोड्या अंतरावर ताईने स्कूटर थांबवली. बसला इथूनच यायचं होतं. दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. पाण्याचा आवाज. एक सायकल गेली. गाणं नाही.

"अजून लांब असेल," ताई म्हणाली.

"बस दिसतेय, ताई."

पिवळी बस सरळ रस्त्यावरून येत होती. वेगात नव्हती. खिडक्या उघड्या, आणि आतून एक सूर नाही. इतकी मुकी बस धाकटीने कधी बघितली नव्हती. हळूहळू, कुणी हात धरून ओढावं तशी, ती कालव्याच्या कडेला सरकू लागली. चाक खडीवर उतरलं. खडी करकरली.

ताईने हॉर्नवर अंगठा दाबला तो सोडलाच नाही. धाकटी हात वर करून बससमोर धावत सुटली. तोंडातून शब्द येत होता की नुसता आवाज, तिला कळत नव्हतं.

बस गचका खाऊन थांबली. चुन्याच्या दगडांच्या अलीकडे.

धाकटीने दार उघडलं. आत सगळी मुलं झोपलेली. कुणाच्या पायात एकच बूट, कुणाच्या मुठीत चुरगळलेली कागदी फीत. आज शाळेत धावण्याच्या शर्यती होत्या. गचक्याने दोघं-तिघं कुरकुरली आणि कूस बदलून परत झोपली. अप्पा स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून बसले होते. सदरा छातीपर्यंत भिजलेला, पाण्याची बाटली पायाशी रिकामी.

"दमलीत गं पोरं," अप्पा म्हणाले. "गायला उठवावंसं वाटेना."

"अप्पा…"

"तुमचा हॉर्न ऐकला मी." ते समोर बघतच बोलत होते. "शाळेचं फाटक आठवतंय. मग एकदम तुमचा हॉर्न. मधला रस्ता कुठे गेला गं, चिमणे?"

धाकटी तिथेच पायरीवर बसली. मागून ताई शाळेशी फोनवर बोलत आली. दुसरा चालक निघाला होता.

"चावी द्या, अप्पा."

"पोरांना घरी सोडायचंय अजून. सगळ्यांच्या आया वाट…"

"सोडतील. तुम्ही नाही." ताईचा आवाज फुटला, पण ती थांबली नाही. "तुम्ही डोळे मिटा आता. पुढे आम्ही बघतो."

अप्पांनी तिच्याकडे बघितलं. त्यांना ते शब्द ओळखता आले. चावी काढायला गेले, पण त्याआधी धाकटीने ती काढून घेतली. मग त्यांनी डोकं मागे टेकलं आणि बोलता बोलता, बसल्या जागी, झोपले. घशात श्वास अडकला. आता मध्ये भिंत नव्हती. धाकटीने त्यांना गदागदा हलवून उठवलं. दुसरा चालक येईपर्यंत दोघी त्यांना उठवतच राहिल्या.

अप्पांचं गाडी चालवणं सुटलं. आता ते झोपताना नाकावर मुखवटा बांधतात, आणि उशाशी एक लहान यंत्र त्यांच्या छातीत हवा ढकलत राहतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. अप्पांनी वरती बघून हात जोडले, मग त्या अनोळखी परिचारिकेला धाकटीकडून चार ओळी लिहवून घेतल्या. बस आता मावशींच्या भाच्याकडे आहे. ती अजूनही गाते, आता उगीचच.

दोघींनी खेळातून तो श्वास काढून टाकला. धाकटीने दिव्याच्या खोलीची शांतता नव्याने मुद्रित केली, घरात कुणी नसताना. खडूसने नवाचे सात केले. लिहिलं, 'कुणा शहाण्याने त्या खोलीतला जीवच काढून घेतला.'

"माझं काम कापलं!" अप्पांनी ते चष्मा लावून स्वतः वाचलं. "तो माणूस जाणकार होता. तुम्हाला कदर नाही."

दुपारी ते आडवे होतात. भिंतीपलीकडे यंत्राची एकसारखी सळसळ सुरू होते, न अडकता, न थांबता. मागच्या खोलीत धाकटी कामाला बसते. नवे हेडफोन चांगले आहेत, बाहेरचं काही ऐकू येऊ देत नाहीत. म्हणूनच मधूनमधून ती ते काढते, हात तसाच हवेत धरते, आणि आपला श्वास रोखून भिंतीकडे कान देते.